तेलाची जागा

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. तलवार, भाला, पट्टा यांपैकी काहीही आमच्या घराण्यात कधी नव्हते. तेव्हा विळी, अडकित्ता, हातोडी, पकड, पाने, शिवणयंत्र आणि सायकल एवढीच आमची आयुधे. त्यांतही खरा मान सायकलचा. आदल्या दिवशी ती घासूनपुसून, तेलपाणी करून लख्ख करावयाची आणि नवमीला तिच्या हँडलला झेंडूची माळ घालून तिला हळदकुंकू वाहावयाचे, हा माझ्या लहानपणापासूनचा रिवाज. आता माझी सायकल राहिली नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि सायकल एका गरजू मुलाच्या घरी गेली. पण नातीने गेल्या वर्षी एक सायकल घेतली, आणि माझा जुना हक्क मला परत मिळाला असे मी धरून चाललो.

तिची सायकल डोंगरावर चालवावयाची. ‘माउंटन बाइक’ असे तिचे नाव. टायर जाडजूड आणि खाचाखाचांचे. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, घंटा नाही. सगळा कारभार उघडाबोडका. मागच्या चाकाशी दातेरी चकत्यांची चवड आणि दोन्ही चाकांच्या मधोमध, तुंब्यापाशी, एकेक पातळ पोलादी चकती. मी कुप्पी घेऊन बसलो. चेनला तेल दिले, पेडलला दिले, दांड्यांच्या सांध्यांना दिले. चाक फिरवून पाहिले तर त्या पातळ चकतीपाशी बारीकशी कुरकुर ऐकू आली. कुरकुर म्हणजे कोरडेपणा, आणि कोरडेपणावर उपाय तेल. साठ वर्षांचे शिक्षण मला हेच सांगत होते. मी दोन्ही चकत्यांवर दोन्ही बाजूंनी तेलाची बोटे फिरवली. आवाज थांबला. मी समाधानाने हात पुसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नात मैत्रिणींबरोबर वेताळ टेकडीवर गेली. सपाट रस्त्याला ब्रेकची फारशी गरज पडली नाही, चढावर तर नाहीच. उतारावर तिने ब्रेक दाबले, आणि ते लागले नाहीत. पोर शहाणी म्हणून तिने सायकल वळवून झुडपांत घातली. कोपर सोलले, गुडघा फुटला, इतक्यावर निभावले. सायकल हाताने ढकलत ती घरी आली, आणि आईने विचारले तेव्हा म्हणाली, “खड्डा आला मध्ये.” मग गॅलरीत येऊन तिने मला हळूच विचारले, “आजोबा, त्या चकतीला काही लावलं होतंत का तुम्ही?”

“तेल,” मी म्हणालो. “चांगलं भरपूर.”

“ब्रेकला तेल?” ती म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ते दोन शब्द माझ्या मनात घर करून राहिले. जे काम मी डोळे मिटून करू शकतो अशी माझी समजूत होती, तेच मी डोळे मिटून केले होते. तेल कुठे द्यावे आणि कुठे देऊ नये हे मला कोणी शिकवले, आणि ते शिक्षण खोटे केव्हा ठरले, याचा मी त्या दिवाळीत शोध घेऊ लागलो. त्या शोधाचीच ही हकीकत.

माझे शिक्षण पुण्यातल्या एका पेठेतल्या सायकलच्या दुकानात झाले. त्या काळी सकाळच्या वेळी पुण्याचे रस्ते सायकलींनी भरून वाहत. शाळा, कचेरी, कारखाना, मंडई, सारे सायकलवर. गल्लोगल्ली भाड्याच्या सायकलींची दुकाने असत आणि दुकानाच्या पाटीवर पंक्चर, हवा, आउट काढणे यांच्याबरोबर एक शब्द हमखास असे : ‘ओव्हरऑइलिंग’. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. पण यंत्र उघडावयाचे ते तेलासाठीच, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. तेव्हा त्यांनी त्या शब्दात तेल घालून तो आपलासा केला. मोटारवाल्यांपासून घड्याळवाल्यांपर्यंत सगळे तोच म्हणत, आणि अजूनही पुष्कळजण म्हणतात.

आमच्या मिस्त्रींचे ओव्हरऑइलिंग पाहण्यासारखे असे. सायकल उलटी करून तिचे एकूण एक सांधे सुटे करावयाचे. घासलेटाच्या थाळीत छर्रे, कोन, कटोऱ्या, आस टाकावयाचे. छर्रे मोजावयाचे काम माझ्याकडे. मागच्या तुंब्यात पाव इंची ९ आणि ९, पुढच्यात त्याहून बारीक १० आणि १०. एखादा हरवला तर रात्री दिवा लावून शोधावा लागे. मग कटोरीत ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा बसवावयाचा. ग्रीस त्याला धरून ठेवते, म्हणून आस घालताना तो खाली पडत नाही. शेवटी कोन आवळावयाचा तो असा, की चाक डुलता कामा नये आणि अडताही कामा नये. एवढे झाल्यावर मिस्त्री चाकाला एक टिचकी देत आणि ते फिरत राही, फिरत राही. ते थांबेपर्यंत आम्ही पोरे श्वास रोखून बघत असू.

आमच्या गावाकडच्या माणसाला यात नवल वाटत नसे. बैलगाडीच्या आसाला वंगण हवे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. एरंडेल आणि जळलेल्या चिंध्यांची काजळी कालवून केलेले ते काळे वंगण नळकांड्यात घालून गाडीखालीच टांगलेले असे, आणि गाडी कुरकुरू लागली की गाडीवान उतरून आसाला ते चोपडी. कुरकुर ऐकली की वंगण घालावे, हे ज्ञान मला तिथून मिस्त्रींच्या मार्फत आले होते. ते खोटे नव्हते. एका विशिष्ट यंत्रासाठी ते पूर्ण खरे होते. ते यंत्र कोणते, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

१८१७ सालच्या जून महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने लाकडी दोन चाकांवर बसून, पायांनी जमीन रेटीत, एक फेरफटका केला. त्या वाहनाला पेडल नव्हते, चेन नव्हती. पण चाकांच्या आसाला पितळेच्या नळ्या होत्या. म्हणजे घर्षणाची चिंता या वंशाच्या मूळ पुरुषालाही होती. पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल आले, आणि चाक झपाट्याने फिरू लागताच आस तापू लागला, झिजू लागला. त्यावर पॅरिसच्याच जूल सुरिरे या कारागिराने १८६९ साली छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ अशी सायकलींची शर्यत झाली. अंतर १२३ किलोमीटर. जेम्स मूर नावाच्या इंग्रज तरुणाने ती साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली, आणि त्याच्या चाकांत सुरिरेचे छर्रे होते. घासण्याच्या ठिकाणी गरगरणे आले, की तेच पाय दुप्पट काम देतात, हे त्या दिवशी युरोपला दिसले.

मात्र छर्रे सारखे हवेत. एक लठ्ठ आणि एक रोड असेल तर सगळा भार लठ्ठावर येतो आणि तो फुटतो. हातांनी घासून सारखे छर्रे किती करणार? १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या हव्या त्या मापात हुबेहूब गोल घासणारे यंत्र बनवले, आणि ते गाव छर्ऱ्यांची राजधानी होऊन बसले. दुसऱ्या महायुद्धात या छोट्या गोळ्यांवाचून रणगाडा हलत नाही आणि विमान उडत नाही हे ओळखून अमेरिकेच्या विमानांनी श्वाइनफुर्टवर हल्ले केले. १४ ऑक्टोबर १९४३ या एका दिवसात तिथे गेलेली ६० बाँबर विमाने परत आली नाहीत. मिस्त्रींच्या थाळीतल्या ज्या छर्ऱ्याला मी दिवा घेऊन शोधीत असे, त्याची किंमत ही अशी आहे.

आता चेनकडे वळू. स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला येऊन स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड याने १८८० साली जी चेन तयार केली, तिचेच वंशज आजही आपल्या सायकलींवर आहेत. वरवर पाहता चेन म्हणजे कड्यांची माळ. पण प्रत्येक सांध्यात एक खीळ असते, खिळीभोवती एक बारीक नळी आणि नळीभोवती फिरणारा रोलर. दात्यावर बसतो तो रोलर. कडी वळते ती खिळीवर, नळीच्या आत. म्हणजे खरे घासणे होते ते बाहेरून कधीच दिसत नाही. अशा सुमारे ११० कड्या एका चेनमध्ये असतात आणि प्रत्येक कडी फेरीगणिक अनेकदा वाकून सरळ होते. तेल पोचावयास हवे ते या अंधाऱ्या जागी. बाहेरच्या पट्ट्यांवर चकाकणारे तेल हे निव्वळ दिखाऊ. तिथे ते धूळ गोळा करण्याखेरीज काही करीत नाही.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने सारख्या मापाची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन अशी ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर आणला. सायकलचे रूप ठरले ते ठरलेच. पण चेन खाली, चिखलाच्या शेजारी आली, आणि तेलाचे आणि धुळीचे भांडण सुरू झाले. तेल आणि बारीक वाळू एकत्र आली की ती पॉलिशची पेस्ट होते. पोलाद खाऊन टाकते. तेलावाचून चालत नाही आणि तेल दिले तर धूळ चिकटते. या पेचातून इंग्रजांनी काढलेली वाट मोठी राजेशाही होती. त्यांनी चेन पेटीतच घातली. वुल्व्हरहँप्टनच्या जॉन मार्स्टनचा मूळ धंदा पत्र्याच्या रोगणी भांड्यांचा. त्याने ‘सनबीम’ सायकल काढली आणि तिच्या चेनभोवती बंद डबा बसवून त्यात तेल ठेवले. चेन फिरता फिरता त्यात बुडून निघे. धुळीला आत वाट नाही. ‘लिट्ल ऑइल बाथ’ म्हणजे तेलाची छोटी न्हाणी, असे त्या डब्याला नाव होते. संगीतकार एडवर्ड एल्गर याच्याजवळ सनबीम होती आणि सूर्याच्या नावावरून तो तिला ‘मिस्टर फीबस’ म्हणत असे. सायकलला घरच्या माणसासारखे नाव ठेवणारे फक्त आपणच नव्हे.

अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या डेटन गावी दोघे भाऊ १८९२ पासून सायकलींचे दुकान चालवीत होते. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले आणि त्यांच्या तुंब्यांचा विशेष हा, की त्यांत तेल टिकून राही. हे भाऊ म्हणजे ऑर्व्हिल आणि विल्बर राइट. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, तेव्हा एंजिनाची ताकद दोन्ही पंख्यांपर्यंत पोचवीत होती ती चेनच. रोज उठून दुसऱ्याची सायकल उघडणाऱ्या, पुसणाऱ्या, तेल देणाऱ्या हातांना यंत्राच्या पोटातले कळते. ते पुस्तकी विद्वानाला सहजी कळत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यावरून वाचकांनाही ते पटेल.

आपल्या देशात सायकल आली ती इंग्रजांची, आणि स्वातंत्र्यानंतर आपले कारखाने उभे राहिले तेही तोच नमुना पुढे ठेवून. मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ ची, सोनीपतची अॅटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. उंच काळी चौकट, सळ्यांचे ब्रेक, चेनवर झाकण, सांध्यांना तेल देण्याची छिद्रे. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीची इंग्रजी सायकल आपण जशीच्या तशी सांभाळली. गवळी, पोस्टमन, पेपरवाला यांना ती योग्यच होती. तिच्यात ब्रेक रबराचे आणि चाकाच्या कड्याला लागणारे. तुंब्यापाशी जे जे म्हणून कुरकुरे त्याला तेल हेच औषध. माझे ज्ञान हे त्या सायकलचे ज्ञान होते. ती सायकल साठ वर्षे बदलली नाही, म्हणून मला वाटले की ज्ञानही बदलत नाही.

पण जगात दुसरीकडे ती बदलत होती. आणि ती बदलली याच्या मुळाशी काय असावे? ग्रीस!

हे समजण्यासाठी आधी एका ब्रेकची ओळख करून घ्यावी लागेल; आपल्याकडे तो फारसा रुळला नाही. पेडल मागे फिरवले की लागणारा हा ब्रेक. अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला, आणि १९०३ साली श्वाइनफुर्टच्याच एर्न्स्ट झाक्स याने आपला ‘टोर्पेडो’ तुंबा बाजारात आणला. या ब्रेकचे सगळे यंत्र मागच्या तुंब्याच्या पोटात. पाय मागे दाबला की आतले धातूचे जोडे तुंब्याच्या भिंतीवर दाबले जातात. धातूवर धातू घासावयाचा, तेव्हा मध्ये ग्रीस हवेच. म्हणजे ज्या जागी ब्रेक, त्याच जागी वंगण! माझी चूक इथे चूक ठरली नसती.

अमेरिकेत शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली फुग्यासारख्या जाड टायरची सायकल आणली. पेपर टाकणाऱ्या पोरांची ती आवडती. मजबूत, जड आणि मागे पेडल मारून थांबणारी. पुढे ती मागे पडली आणि भंगारात जाऊन पडली. १९७० नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडच्या मरिन परगण्यात, काही तरुणांनी या युद्धापूर्वीच्या सायकली किरकोळ डॉलरांना विकत घेतल्या आणि माउंट टॅमल्पायसच्या धुळीच्या वाटांवरून त्या खाली सोडू लागले. त्यांतले कित्येक शर्यतीच्या नाजूक सायकली चालवणारे; हा त्यांचा खेळ, खोडी म्हणा ना. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. आपल्या भाषेत खटारा.

तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातून उतरणारी एक वाट आहे. सुमारे २.१ मैल लांब, आणि तेवढ्यात १३०० फूट खाली येणारी. या वाटेने खटारा खाली आणावयाचा म्हणजे जवळजवळ सबंध वेळ मागचा ब्रेक दाबून धरावयाचा. तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होऊन बाहेर पडे. तळाशी पोचेपर्यंत तुंबा कोरडा ठणठणीत. पुन्हा वर जाण्यापूर्वी तो उघडावयाचा, पुसावयाचा आणि नवे ग्रीस ठासून भरावयाचे. इंग्रजीत याला म्हणतात ‘रीपॅक’. एक उतार, एक रीपॅक. त्यावरून त्या वाटेचेच नाव ‘रीपॅक’ पडले.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या वाटेवर पहिली शर्यत झाली. घड्याळ लावून एकेकाला सोडावयाचे आणि खाली वेळ टिपून घ्यावयाचा. चार्ली केली हा तिचा सूत्रधार, आणि त्या दिवशी अॅलन बाँड्स पहिला आला. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम केला. जो ब्रीझ त्याच्या अवघा दोन सेकंद मागे राहिला. वेंडी क्रॅग नावाची त्यांच्यातलीच एक तरुणी कॅमेरा घेऊन येई. तिने काढलेली छायाचित्रे आहेत म्हणून त्या धुळीतले चेहरे आज आपल्याला दिसतात.

मला या मंडळींची गंमत वाटते ती शर्यतीसाठी नव्हे, तर शर्यतीनंतरच्या अर्ध्या तासासाठी. धुळीने माखलेली, बोटे भाजलेली ही पोरे वाटेच्या टोकाला बसून तुंबे उघडीत आहेत, जळके ग्रीस पुशीत आहेत, छर्रे मोजीत आहेत. आमच्या पेठेतले दुकानच जणू. दर खेपेला उघडल्यामुळे त्यांना दर खेपेला दिसत होते की काय मोडते, काय वाकते, काय जळते. त्यांच्याकडचे सुटे भाग जुने आणि दुर्मिळ. जळण्याला कंटाळून कोणी मोटारसायकलींसारखे ड्रम-ब्रेक बसवले, कोणी चढ चढता यावा म्हणून गिअर बसवले. १९७४ च्या डिसेंबरात कुपर्टिनोहून काही स्वार गिअर लावलेले असेच खटारे घेऊन मरिनला आले होते. त्यांच्या टोळीचे नाव ‘मॉरो डर्ट क्लब’. आणि मॉरो हे नाव होते मागे पेडल मारण्याच्या अशाच एका जुन्या ब्रेकचे. वाटेला नाव वंगणाचे, टोळीला नाव तुंब्याचे! आमच्या ‘ओव्हरऑइलिंग’ची ही सख्खी भावंडे.

मग जो ब्रीझने विचार केला, की भंगारातली चौकट दुरुस्त करीत बसण्यापेक्षा या कामासाठीच नवी का घडवू नये? १९७७-७८ मध्ये त्याने दहा सायकली घडवल्या, ‘ब्रीझर’. त्यांतली पहिली आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. १९७९ साली फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने घडवलेल्या चौकटी घेऊन ‘माउंटनबाइक्स’ याच नावाने धंदा मांडला आणि ते नाव सगळ्या जातीला चिकटले. १९८१ साली स्पेशलाइझ्ड कंपनीची जपानात तयार केलेली ‘स्टंपजंपर’ दुकानांत आली. १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पदकांचा झाला. भंगारातल्या खटाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे. आणि आरंभ एका जळणाऱ्या तुंब्यात.

आता माझ्या चुकीकडे येतो. ब्रेक तुंब्यातून बाहेर पडला तो आधी चाकाच्या कड्यावर गेला आणि १९९० नंतरच्या दशकात चकतीवर आला. चकती उघडी, हवेवर; म्हणजे उष्णता निघून जाते आणि जळण्यासारखे आत काहीच नाही. धुराचा प्रश्न मिटला. पण आता ब्रेक कोरडाच हवा. त्याच्या गाद्या तेल शोषून घेतात. एकदा तेल प्यायल्या की त्या पुसून सुधारत नाहीत, बदलाव्याच लागतात. १९७६ साली त्या तुंब्यात ग्रीस नसणे हा धोका होता. आज त्याच जागी तेलाचे बोट फिरणे हा धोका आहे. पन्नास वर्षांत तेलाची जागा बरोबर उलटी झाली, आणि मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारले नव्हते.

चेनचेही तसेच. गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर आडवी सरकते. तिला सनबीमच्या डब्यात कोंडता येत नाही. म्हणून डोंगराच्या सायकलची चेन उघडी राहिली आणि न्हाणीची जागा माणसाच्या हाताने घेतली. ती रीत नातीने मला शिकवली; मी आता मिस्त्रींच्या रीतीइतकीच ती मानतो. आधी कोरड्या चिंधीने धूळ पुसावयाची. मग मळ सुटण्याचे औषध ब्रशाने लावून चेन धुवावयाची, पाण्याने निथळवावयाची आणि पूर्ण वाळू द्यावयाची, कारण ओल्या चेनमध्ये तेल शिरत नाही. पाण्याचा जोरकस फवारा तुंब्याकडे मारावयाचा नाही. तो ग्रीसच धुऊन नेतो. मग पेडल उलटे फिरवीत प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. थोडा वेळ जाऊ द्यावयाचा, म्हणजे थेंब आतल्या नळीपर्यंत उतरतो. आणि शेवटी, जे करण्यास माझा हात धजत नव्हता ते : वरचे सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावयाचे. पावसाळ्याला दाट तेल, उन्हाळ्याच्या धुळीला पातळ किंवा मेणाचे. चकतीला फक्त स्पिरिट, तेही स्वच्छ फडक्याने. चेनवर तेलाचा फवारा तर मारावयाचाच नाही. तो चकतीपर्यंत उडतो.

चेन झिजली की नाही हे पाहावयाची युक्तीही मजेची आहे. अर्ध्या इंचाची एक कडी, म्हणून २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पट्टी धरावी. खिळी-नळ्या झिजल्या की माप वाढते. एक षोडशांश इंच वाढले की चेन बदलावी. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर ती दातेही खाऊन बसलेली असते. लोक म्हणतात चेन ताणली. ती ताणली जात नाही, आतून झिजते.

१९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनची परीक्षा झाली. पायांनी घातलेल्या ताकदीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद चेन चाकाला पोचवते, असे आढळले. गंमत अशी, की प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत निरनिराळ्या वंगणांनी त्या आकड्यात फारसा फरक पडला नाही. मी हे नातीला विजयाने वाचून दाखवले. ती म्हणाली, “प्रयोगशाळेत धूळ कुठे असते, आजोबा?” तिचे खरे होते. तेल आजच्या फेरीसाठी नसते, ते चेनच्या आयुष्यासाठी असते.

परवा, यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघे अंगणात बसलो. चेन माझ्याकडे, चकत्या तिच्याकडे, अशी वाटणी. माझ्या बोटांना चकतीपासून हातभर दूर राहण्याचा हुकूम होता. तिने मागचे चाक काढले आणि म्हणाली, “आजोबा, हा तुंबा जुन्या पद्धतीचाच आहे. छर्ऱ्यांचा.” मी चष्मा पुसला. कोन सैल केला, आस ओढला, आणि घासलेटाच्या थाळीत ते पडले. मोजले : ९ आणि ९. पाव इंची. साठ वर्षांत सगळीकडची तेलाची जागा बदलली होती, एवढी एक बदलली नव्हती. ग्रीस भरून एकेक छर्रा कसा बसवावा आणि कोन किती आवळावा, हे तिला ठाऊक नव्हते. ते मी दाखवले. तिने चाकाला टिचकी दिली, आणि आम्ही दोघेही ते थांबेपर्यंत बघत राहिलो.

नवमीला पूजा झाली. झेंडूची माळ हँडलला बांधली. चकतीला हळदकुंकू लावू दिले नाही.

तिच्या आईला अद्यापि तो खड्डाच ठाऊक आहे. हा अंक घरी आला म्हणजे खरे काय ते कळेल.